साडेबाराची यादी

साडेबाराला रेडिओवर मयतांची यादी लागली आणि आईने पळी वर धरली. म्हणजे गप्प बसायचं. व्हेरलिन गप्प बसली, पण टेबलाखाली तिचा पाय हलत राहिला.

मॅरिगोचा एक कोळी गेला होता. निवेदक मागे उरलेल्यांची नावं वाचत होता. कॅसल ब्रूसची बहीण, ग्वादलूपमधली भाची, लंडनमधली सून, आणि ज्याला सगळे ‘सोमवार’ म्हणत तो मेव्हणा.

“पोर्ट्समथची धाकटी गाळली मेल्यांनी,” आई म्हणाली. “अख्खा डॉमिनिका ऐकतो! आता त्याला पुरायच्या आधीच भांडणं.”

“एवढं कोण लक्ष देतंय, आई?”

“जिचं नाव गळतं ती.” पळी खाली आली. “माझ्या वेळी दोघींची नावं हवीत. तुझं आणि गिस्लेनचं. लग्नाआधीची असली तरी माझ्याच पोटची आहे.”

व्हेरलिन उठली. नीरफणस भाजला का पाहिलं. खिडकी उघडली, पुन्हा लावली.

“तुझ्या वेळेला अजून अवकाश आहे. मीठ कुठंय?”

“तुझ्या नाकासमोर.”

हे मंगळवारी. बुधवारी सकाळी आई उठलीच नाही.

गुरुवारी रेडिओ केंद्रात निवेदक, म्हातारे लारोंद, आईची यादी वाचून दाखवत होते. ती गिस्लेनने लिहिली होती. आईच्या माहेरची माणसं तिलाच ठाऊक. ती मात्र आत आली नव्हती. बाजारातून, अळकुड्या विकता विकता तशीच उठून आलेली, चपलांना माती, म्हणून बाहेर बाकावर बसली होती. एवढ्या वर्षांत व्हेरलिनने तिला नावापलीकडे कधी काही म्हटलं नव्हतं.

“मागे मुलगी व्हेरलिन,” लारोंद वाचत होते. मग ग्रँड बेचे भाचे, अकरा. टोरांटोची आत्तेबहीण. पान उलटलं. “आणि शेवटी शेजारी व स्नेही. मिस पर्ल, मिस्टर ऑगस्टस, गिस्लेन.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “बरोबर ना, बाई? साडेबाराला वाचायचंय.”

व्हेरलिन उठली, बसली, पुन्हा उठली. उघड्या दारातून बाकावरची पाठ दिसत होती. ताठ, न हलणारी.

“नाही,” ती म्हणाली. आवाज बाहेरपर्यंत जाईल इतका मोठा होता. “तिला मुलींमध्ये घ्या. माझ्या आधी. ती माझी थोरली बहीण आहे.”