ठरलेली घरघंटी

तासगावहून टेम्पो करून शेवंता सांगलीला पोहोचली, तेव्हा तिने ऑनलाइन ठरवलेली जुनी घरघंटी दुसऱ्याच गाडीत चढत होती.

"यांनी जास्त दिले, ताई," मालक हसत म्हणाला.

शेवंताच्या अंगाचा तिळपापड झाला. "काल 'घरघंटी तुमचीच' म्हणालात! त्या शब्दावर मी दळणाची गिऱ्हाइकं धरली. जिभेला काही हाड?"

गाडीत दोर बांधणारे वयस्क गृहस्थ थबकले. "यांना आधी शब्द दिला होता?"

"तसा दिला होता..." मालक पुटपुटला. गृहस्थांनी दोर सोडला. "माझे पैसे परत करा." त्यांनीच हात लावून घरघंटी शेवंताच्या टेम्पोत चढवून दिली.

ठरलेली रक्कम घेताना मालक कुरकुरला, "थोडं तरी वाढवा."

"आता आवाजच वाढवते!" शेवंता कडाडली, तशी मालकाने पैसे खिशात कोंबून दार लावून घेतलं.