अडीचच्या बांगड्या

माह्या गोकुळले माणसाशी बोलायचाच कंटाळा. भाजीपासून चपलेपर्यंत सारं फोनवर. सून प्रेरणाले सातवा महिना लागला, तर ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्याही त्यानं फोनवरच मागवल्या. मी उंद्रीहून आमच्या झुंबरबाई कासारणीले मुद्दाम त्याच्या घरी, चिखलीले धाडलं. बांगडी चढवायच्या आधी ती बाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चांगला दाबून पाहते. यानं तिले दारातूनच वापस पाठवलं.

वरून मलेच फोन केला. "आई, काऊन पाठवलं त्या म्हातारीले? प्रेरणाले नेहमीच्या मापाच्या, सव्वादोनच्या बांगड्या चढून नाही राह्यल्या, तर कंपनीनं दोन दिवसांत अडीचच्या बदलून देल्या. एका शब्दानं काही विचारलं नाही!"

पंधरा दिवसांनी प्रेरणाले झटके आले. ती वाचली, लेकरू पोटातच गेलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "हातावर सूज कधीपासून होती?" गोकुळनं फोन काढला, अन् बांगड्या बदलल्याची तारीख सांगितली.

मी तिथंच, दवाखान्यात, त्याले म्हटलं,



"तू पोटात होता तवा झुंबरबाईनं माहा हात दाबून पाह्यला, बांगड्या टोपलीत वापस ठेवल्या अन् मले तशीच एसटीत बसवून दवाखान्यात नेलं, म्हणून तू जिता हायेस बे. तिलेच तू दारातून वापस पाठवलं."