पितळी मुठीची सुरी

"फाटक उघडायचं नाही," सोसायटीचा चेअरमन सहदेव परब वॉचमनला म्हणाला आणि धारवाला धोंडिराम सायकलसकट बाहेरच राहिला.

एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दर रविवारी गोवंडीहून घाटकोपरच्या या सोसायटीत यायचं, सायकल स्टँडवर चढवायची, पॅडल मारत दगडी चाक फिरवायचं आणि पाच मजल्यांच्या सुऱ्यांना धार लावून द्यायची, हा त्याचा शिरस्ता. आता ही सोसायटी गेली तर शेजारच्या चारही जाणार होत्या. सहदेवच्या बंदीच्या नोटिशीचा फोटो तिथले चेअरमन काढून घेऊन गेले होते.

मागच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीत दोघांची पार्किंगवरून जुंपली. एकानं घरातून भाजीची सुरी आणली, दुसऱ्याच्या दंडाला सात टाके पडले. चेअरमन सहदेवनं ते फारच मनावर घेतलं. सगळ्या सुऱ्या ऑफिसात जमा करा, धारवाल्याला प्रवेश बंद, अशी नोटीस लावली. आज खाली कंपाउंडात खुर्च्या मांडून त्या बंदीवर हात वर करून मतं घ्यायची होती.

"सुरीच नसेल तर भोसकाभोसकी होईल कशी?" सहदेव म्हणाला. "शिवाय माणसाचा स्वतःवर ताबा हवा. मी बारा वर्षांपूर्वी एका दिवसात दारू सोडली. सोडली की नाही?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. ही गोष्ट दर गणपतीत ऐकून सगळ्यांना पाठ होती. पहिल्या रांगेत त्याची बायको सुगंधा मांडीवर सह्यांची वही घेऊन गप्प बसली होती. मीटिंगमध्ये ती कधीच बोलत नसे.

"मग कांदा काय दातांनी चिरायचा?" तिसऱ्या मजल्यावरच्या अक्षतानं विचारलं. हशा पिकला.

सहदेवनं जमा सुऱ्यांचा खोका उचलून दाखवला. "हसा! एकवीस सुऱ्या जमा झाल्यात. पहिली माझ्या घरची आहे. बायकोनं स्वतः आणून दिली."

धोंडिरामनं गजांतून वाकून खोक्यात पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. "साहेब, यातली एक पण माझ्या चाकावर आलेली नाही. ही सगळी अडगळ दिलीय तुम्हाला! लाल मुठीची कुठंय? तारेनं बांधलेली कुठंय? पितळी..." तो मध्येच थांबला.

बायका पदराआड हसल्या. सहदेवचा चेहरा पडला.

"बंदी कशाला, साहेब?" धोंडिराम आता जिवाच्या आकांतानं बोलत होता. "टोक काढा की. कांदा पात्यानं चिरतात, बांगडा पण पात्यानंच कापतात. भोसकायला टोक लागतं. मी चाकावर घासून गोल करून देतो, पाच मिनिटांचं काम."

"असं कुणी करतं का?"

"इथल्याच एका ताईंनी करून घेतलंय. बारा वर्षं झाली. त्याच सुरीनं अजून स्वयंपाक करतात. आणि टोक नव्हतं म्हणूनच त्या वाचल्या."

सगळे खुर्चीत सरसावून बसले. "कोण ताई? कुठल्या घरातल्या?" सहदेवनं विचारलं.

"ते नाही सांगणार. शब्द दिलाय."

"म्हणजे सगळं बंडल! नाव सांग, फाटक उघडतो. पुरावा दे, नाहीतर चालायला लाग."

एका नावात त्याचे सगळे रविवार परत मिळणार होते. धोंडिरामनं मान खाली घातली आणि सायकल वळवली.

सुगंधा उठली आणि तळमजल्यावरच्या आपल्या घरात गेली. सहदेवला वाटलं, चहा टाकायला गेली. ती परत आली ती थेट फाटकाकडे.

"उघड," ती वॉचमनला म्हणाली.

वॉचमननं आधी साहेबांकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे, आणि मुकाट्यानं फाटक उघडलं. तिच्या हातात पितळी मुठीची सुरी होती. पातं लखलखत होतं, आणि पुढचं टोक बोटाच्या नखासारखं गोल होतं. सहदेव टक लावून पाहत राहिला. स्वयंपाकघरात तो कधी पाणी घ्यायलाही जात नसे. ही सुरी त्यानं बारा वर्षांत हातात धरली नव्हती.

"धोंडिरामभाऊ, तुम्ही शब्द पाळलात. आता मीच सांगते," सुगंधा म्हणाली. तिचा आवाज पाचव्या मजल्यापर्यंत गेला. "मला रोजची भीती होती, म्हणून बारा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मी हिचं टोक काढून घेतलं. संध्याकाळी हे पिऊन आले आणि हीच सुरी माझ्यावर उचलली."

"मी हात आवरला होता गं," सहदेव पुटपुटला. "म्हणून तर दुसऱ्या दिवसापासून सोडली."

सुगंधा त्याच्याकडे वळली आणि घरच्या मालवणीत म्हणाली, "तुम्ही हात नाय आवरलात. टोक नाय होता."

"बंदी नको, टोक काढा," म्हणत अक्षताचा हात वर गेला. तिच्यामागे दुसरा, चौथा, दहावा. बघता बघता बायकांच्या रांगेत एकही हात खाली उरला नाही. धोंडिरामनं सायकल आत आणून स्टँडवर चढवली.

सुगंधानं सुरी उंच धरली. बारा वर्षं तिनं मान अशी वर केली नव्हती.

"पुरावो होयो होतो ना तुमका? बघा. जिती उभी आसंय मी."