गॉथिकची सगळी लक्षणं

इंग्लंडमधल्या बर्नलीतल्या शाळेत मिसेस ऑर्मरॉड महिनाभर गॉथिक भयकथेची लक्षणं शिकवत होत्या. निबंधाला त्यांनी दोन विषय दिले होते, त्यातला एक लिहायचा होता. किलीनं कागदावर विषय लिहिलाच नव्हता, पण पहिल्या दोन ओळींतच मिसेस ऑर्मरॉडना तो कळला. तिला न विचारताच त्यांनी निबंध वर्गात मोठ्यानं वाचायला घेतला.

"'जिन्यावरचा दिवा लागत नाही. आम्ही तिघं एकाच खोलीत, अंगात कोट घालून, मेणबत्तीभोवती बसतो. भिंतीवरचा काळा डाग रोज थोडा पसरतो. दारावर थाप पडली की आई मेणबत्ती विझवते आणि आम्ही श्वास रोखून धरतो.'"

त्यांनी कागद खाली ठेवला. "अंधार, थंडी, बंद दार. आणि बाहेर कोण आहे, ते शेवटपर्यंत सांगत नाही ही. शिका जरा. किली, ते थाप मारणारं भूत कसं गं सुचलं तुला?"

"आरशात बघून, मिस," मागून डेक्लन म्हणाला. सगळा वर्ग खदाखदा हसला. मिसेस ऑर्मरॉडनाही हसू आवरलं नाही.

किलीनं मान वर केली नाही. स्वेटरच्या बाह्या ओढून तिनं बोटं झाकून घेतली.

"मिस, मी भुताचा विषय नव्हता घेतला. मी दुसरा घेतला होता. 'आमचं घर'."