दुसऱ्या डिस्कवरची हाक

निकितानं घरच्या सर्व्हरसाठी बारामतीतून दोन रिफर्बिश्ड, म्हणजे आधी कुणीतरी वापरलेल्या हार्ड डिस्क आणि नव्या केबल आणल्या. तिचा भाऊ गोकुळ गेल्या वर्षी वारला होता. त्याचे व्हिडिओ तिला नीट जपून ठेवायचे होते. निरवांगीच्या घरात दुपारभर बसून तिनं ते दोन्ही डिस्कवर उतरवले.

पहिल्या डिस्कवर सगळं ठीक होतं. दुसरीवर गोकुळ डाळिंबाच्या बागेत बसून हसत होता आणि बाहेरून, कॅमेऱ्यात न दिसणारं कुणीतरी त्याला हाक मारत होतं. "गोकुळ, चल."

मूळ व्हिडिओत ही हाक नव्हती.

तिनं केबल बदलली, डिस्क पूर्ण पुसली, व्हिडिओ पुन्हा उतरवला. हाक आलीच. या वेळी गोकुळनं हसणं थांबवून तिकडं पाहिलं.

"ती डिस्क परत देऊन ये बाई," आई दारातूनच म्हणाली.

"का म्हणून? व्हिडिओ आपल्या गोकुळचा हाय. ह्यात दुसऱ्या कुणाला जागा न्हाय."

तिनं आवाज वाढवून व्हिडिओ परत लावला. हाक आली. गोकुळ उठायला लागला.

"त्यो कुठंबी येणार न्हाय!" निकिता ओरडली.

गोकुळ खाली बसला.

क्षणभर नुसता बागेतला वारा ऐकू आला. मग तोच आवाज म्हणाला, "मग तू चल, निकिता."

आईनं धावत येऊन डिस्कची केबल उपटली. व्हिडिओ चालूच राहिला.

निकितानं खुर्ची आणखी पुढं ओढली. "न्यायचं असंल तर हितं ये," ती म्हणाली.

स्क्रीनवरचा गोकुळ तिच्याकडं बघत घाईघाईनं मान हलवू लागला. नको, नको.