फोटोची काच

वारलेल्या फोटोग्राफरचा भलामोठा जुना कॅमेरा पारखून किंमत सांगायला उद्धवराव अमरावतीहून अकोल्याला आले. त्यावरची पितळी पट्टी पाहताच त्यांनी कपाळावर हात मारला. विलायती कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, नुसती लखलखीत! “दर दसऱ्याले चिंचेनं घासली मी,” विधवा गोदाबाई कौतुकानं म्हणाल्या. भिंगावरही कुंकवाचं बोट! “अहो, नावाशिवाय कसली किंमत?” चरफडत त्यांनी भिंग पुसलं, “समोर उभ्या राहा,” म्हणत काळ्या कापडात डोकं खुपसलं. बाई आपसूक स्टुडिओतल्या पडद्यापुढच्या नेमक्या जागी हनुवटी उचलून थांबल्या. “सवय दिसते!” “गिऱ्हाईकाच्या आधी मलेच उभं करत ते, फोकस पाह्याले.” “मग तुमचा फोटो?” “काच वाया जाते म्हनत.” उद्धवरावांनी भिंतीवरच्या हारातल्या नवऱ्याकडे रागानं बघत तपासणीसाठी आणलेली, फोटो उमटवायची एकमेव काच कॅमेऱ्यात सरकवली. “अवो, वाया जाईन!” “हलू नका म्हणतो ना!”