चाळीस अक्षरांची ओळ

अण्णांनी फाइल सेव्ह केली आणि कोड लिहायच्या एडिटरने पुन्हा तोच आगाऊपणा केला. एकाखाली एक नीट मांडलेले वेबपानाचे टॅग ओढून त्याने एका लांबलचक ओळीत कोंबले. मेल्याला कोणी सांगितलं होतं? अण्णा एन्टर दाबत ओळ पुन्हा तोडायला बसले.

"अण्णा, एवढा अट्टहास कशासाठी?" टीम सांभाळणारी ताई मागे येऊन उभी राहिली होती. "तुम्ही दोन शब्द बदलता आणि मला अख्खी फाइल बदललेली दिसते. तपासू तरी काय काय?"

"जुनी खोड गं," अण्णा हसले. "आता कसली सुटतेय!"

आठ महिने हेच उत्तर खपत होतं. उजवीकडचं दिसेनासं झालंय, हे बायको आणि डॉक्टर सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. कळलं तर हारतुरे घालून घरी बसवतील. घरी बसून करायचं काय? भिंती मोजायच्या?

ताईने अजून न तोडलेल्या एका ओळीच्या शेवटाला बोट लावलं. "इथला ठळक अक्षरं बंद करायचा टॅग उडालाय. खालचं सगळं पान ठळक दिसेल."

बोट कुठे आहे ते अण्णांना सापडेना. पार खांद्यासकट वळले, तेव्हा कुठे दिसलं. ताई बघत होती. ती जागेवर गेली.

दुपारी तिने सगळ्यांच्या एडिटरला नवा नियम लावला. प्रत्येक टॅग वेगळ्या ओळीवर, आणि ओळ चाळीस अक्षरांपुढे जायची नाही.

"अरे देवा!" कोपऱ्यातून वात्रट ओरडला. त्याला सगळे याच नावाने हाक मारत. "अर्धा स्क्रीन रिकामा! कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या," ताई म्हणाली. "मला लांब ओळी वाचता येत नाहीत."

"मग चष्मा लाव ना ताई! आम्हाला कशाला शिक्षा?"

सगळे खो खो हसले. अण्णाही हसले असते तर निभावून गेलं असतं. पण ताई मान खाली घालून टाइप करत राहिली. तिचे कान लाल झाले होते. अण्णांना स्वतःची लाज वाटली.

"चष्म्याने भागत नाही रे," ते म्हणाले. "आणि डोळे तिचे नाहीत, माझे गेलेत. मला उजवीकडचं दिसत नाही."

वात्रट खुर्ची सरकवत आला, वळसा घालून अण्णांच्या डाव्या हाताला बसला.

"मग चाळीस तरी पुरतात का, अण्णा?"

अण्णांनी पडद्याकडे नीट पाहिलं.

"पस्तीस केलीस तर बरं होईल, ताई."